गार्डियन्सची चाळीसची यादी कशी वाचायची: नोव्हेंबरमध्ये कुठल्या पोराला वाचवतात आणि कुठल्याला उघडं सोडतात

ओहायोत नवीन आलेली आपली बरीच मंडळी दोन-तीन उन्हाळ्यांत बेसबॉलला लागतात. ऑफिसवाले मॅचला नेतात, पोरं लिटल लीगला जायला लागतात, आणि मग एप्रिल ते सप्टेंबर रोज संध्याकाळी क्लीव्हलँड गार्डियन्सचा स्कोअर बघितल्याशिवाय चैन पडत नाही. पण नोव्हेंबर आला की गाडी अडते. मॅचेस नाहीत, वर्ल्ड सिरीज संपलेली, आणि बातम्यांमध्ये अमक्याला प्रोटेक्ट केलं, तमक्याला डीएफए केलं, हा रूल फाइव्हला एलिजिबल आहे, तो ऑप्शनमधून संपला. मला हे सगळं तुकड्या-तुकड्यांनी कळलं, एका जागी बसवून कोणी सांगितलं नाही, म्हणून इथे क्रमाने लिहितोय. उदाहरणं क्लीव्हलँडची घेतलीत कारण ती टीम मी रोज बघतो आणि या बाबतीत तिच्याइतकी शिकवणारी टीम मला तरी दुसरी दिसत नाही. पद्धत मात्र तीसही टीम्सना तशीच्या तशी लागू पडते.

आयपीएलचं रिटेन्शन माहितीये ना, मेगा ऑक्शनच्या आधी टीम ठरवते कोणाला ठेवायचं आणि कोणाला सोडायचं? साधारण तसलंच, फक्त इथे सोडलेला पोरगा टीमकडेच राहतो, दुसरं कोणी उचललं तरच जातो. हे उचलणं डिसेंबरच्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये होतं: ज्याला चाळीसच्या यादीत घेतलं तो वाचला (प्रोटेक्ट झाला), बाहेर राहिलेला पात्र पोरगा उघडा. आणि सगळी गंमत या "उचललं तर" मध्येच आहे.

आधी काय उघडून ठेवायचं

- टीमच्या ऑफिशियल साइटवरचं ४० जणांच्या रॉस्टरचं पान
- बेसबॉल रेफरन्सवर प्रत्येक पोराचं पान (कधी साइन झाला, कुठून आला, जन्मतारीख, कुठल्या लेव्हलला किती खेळला)
- फॅनग्राफ्सचं रॉस्टर रिसोर्स (कोणाचे किती ऑप्शन उरलेत ते इथे चटकन दिसतं)
- एमएलबी पाइपलाइन किंवा बेसबॉल अमेरिकाची प्रॉस्पेक्ट (होतकरू पोरांची) यादी
- एक साधी एक्सेल शीट

पैसे भरून काही घ्यायची गरज नाही, बेसबॉल अमेरिकाचे काही लेख सोडले तर बाकी सगळं फुकट आहे.

१. २६ आणि ४० मधला फरक पक्का करा

मैदानावर दिसते ती २६ जणांची टीम (सप्टेंबरमध्ये २८). तिच्यामागे ४० जणांची यादी असते, म्हणजे ते २६ अधिक मेजर लीगच्या करारावर असलेले पण मायनरमध्ये (खालच्या लीगमध्ये) खेळणारे किंवा दुखापतीत असलेले. आणि त्याच्याही खाली बाकीचे शे-दीडशे पोरं. क्लीव्हलँडचं बघायचं तर ट्रिपल-ए ला (मायनरची सगळ्यात वरची लेव्हल) कोलंबस क्लिपर्स, डबल-ए ला ॲक्रन रबरडक्स, हाय-ए ला लेक काउंटी कॅप्टन्स, खाली सिंगल-ए ची टीम, आणि त्याखाली ॲरिझोनातली आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधली कोवळी पोरं. वरच्या तिन्ही टीम ओहायोतच आहेत, त्यामुळे ज्याच्याबद्दल वाचताय त्याला गाडी काढून प्रत्यक्ष बघता येतं, आणि हे सुख सगळ्या शहरांतल्या फॅन्सना नसतं.

चाळीसात नाव आलं की पोराचं आयुष्य बदलतं, हे लक्षात ठेवा. २०२४ मध्ये डबल-ए चा वर्षाचा पगार साधारण तीस हजार डॉलर होता, आणि पहिल्यांदा चाळीसात आलेल्या पोराला मायनरमध्ये खेळतानाही किमान ६०,३०० डॉलर. त्यामुळे नोव्हेंबरच्या या एका संध्याकाळकडे कितीतरी घरांचे डोळे लागलेले असतात, सान्तो डोमिंगोतल्याही आणि ॲक्रनमध्ये भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोरांच्याही.

२. कोणाचं वर्ष भरलंय ते मोजा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. नियम असा: साइन करण्याआधीच्या ५ जूनला पोराचं वय १८ किंवा कमी असेल तर साइन झाल्यानंतरच्या पाचव्या रूल फाइव्ह ड्राफ्टला तो पात्र होतो, १९ किंवा जास्त असेल तर चौथ्या. म्हणजे हायस्कूलमधून आलेले आणि सोळा-सतराव्या वर्षी साइन होणारे लॅटिन अमेरिकन पोरं पाचव्याला, कॉलेजवाले चौथ्याला. ज्या वर्षी साइन केलं त्या वर्षीचा डिसेंबरसुद्धा मोजायचा.

प्रत्यक्ष करून बघा. स्टीव्हन क्वानचं पान उघडा. ऑरेगन स्टेट कॉलेज, २०१८ चा ड्राफ्ट (हा नवीन पोरांचा नेहमीचा ड्राफ्ट, रूल फाइव्ह नव्हे), पाचवी फेरी. कॉलेजवाला, म्हणून चार. डिसेंबर २०१८ एक, २०१९ दोन, २०२० तीन, २०२१ चार. म्हणजे नोव्हेंबर २०२१ पर्यंत त्याला चाळीसात घेतलं नाही तर तो उघडा. आता टायलर फ्रीमन: हायस्कूलमधून, ड्राफ्ट २०१७. पाच मोजा, २०१७ ते २०२१. तोही त्याच नोव्हेंबरला! जॉनकेन्सी नोएल, होसे टेना, जॉर्ज व्हलेरा हे २०१७ मध्ये लहान वयात साइन झालेले, तेही त्याच नोव्हेंबरला. बघताय ना, दोन वेगळ्या वर्षांची पोरं एकाच दिवशी दारात येऊन उभी राहतात, आणि २०२१ ला क्लीव्हलँडची कोंडी झाली ती यामुळेच.

इथे तीन खड्डे आहेत.

एक, २०२० ला कोविडमुळे मायनर लीग झालीच नाही, पण ते वर्ष मोजलं जातं. पोरगा एकही मॅच खेळला नाही तरी घड्याळ चालूच होतं.

दोन, "या वर्षी पहिल्यांदा पात्र" एवढीच यादी वाचून थांबू नका. मागच्या वर्षी ज्याला कोणी उचललं नाही तो या वर्षीही पात्रच असतो, आणि तेवढ्या वर्षात तो कितीतरी सुधारलेला असू शकतो. बातम्यांत नवीन नावंच जास्त येतात, त्यामुळे हे लोक नजरेतून सुटतात.

तीन, १८ वर्षांचा हायस्कूलवाला असं ढोबळ धरू नका. कधी कधी तो ५ जूनच्या आधीच १९ चा झालेला असतो आणि मग एक वर्ष कमी होतं. जन्मतारीख बघाच.

३. तारखा लिहून ठेवा

वर्ल्ड सिरीज संपल्यावर पाच दिवसांनी लांब दुखापतीच्या यादीतले सगळे परत चाळीसात मोजले जातात, कारण थंडीत ६० दिवसांची दुखापत यादी नसते. म्हणून ऑक्टोबरमध्ये मोकळ्या दिसणाऱ्या जागा नोव्हेंबरमध्ये एकदम गायब होतात. त्याच सुमारास मायनरमध्ये बरीच वर्षं काढलेले खेळाडू फ्री एजंट (कुठल्याही टीमशी करार करायला मोकळे) होऊन निघून जातात, त्यांची नावं शीटमधून काढून टाका.

मग नोव्हेंबरच्या मध्यावर प्रोटेक्शनची डेडलाइन: २०२१ ला १९ तारीख, २०२२ ला १५, २०२४ ला १९, २०२५ ला १८. इस्टर्न टाइम संध्याकाळी ६, म्हणजे पुण्या-मुंबईत बसून बघणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचार. त्यानंतर दोन-चार दिवसांत नॉन-टेंडरची (पुढच्या वर्षाचा करार न देता सोडायची) तारीख, आणि डिसेंबरमध्ये विंटर मीटिंग्जच्या शेवटी खुद्द रूल फाइव्ह ड्राफ्ट. क्रम नीट बघा हं, नॉन-टेंडर प्रोटेक्शनच्या नंतर येतं, त्यामुळे "तीन दिवसांनी या महागड्या खेळाडूला सोडणारच आहेत, त्याची जागा मिळेल" हा हिशोब चालत नाही, पोराला घ्यायचंय तर जागा त्याच संध्याकाळी लागते.

४. जागा मोजा

शीटमध्ये तीन कॉलम करा: नक्की राहणारे, काढता येण्यासारखे, आणि पात्र पोरं. क्लीव्हलँडने २०२१ मध्ये एका दिवसात अकरा जणांना चाळीसात घेतलं. अकरा! क्वान, फ्रीमन, रोक्यो, व्हलेरा, टेना, नोएल, रिची पलासिओस, ब्रायन लाव्हास्टिडा, कोडी मॉरिस, कॉनर पिल्किंग्टन, आणि टोबायस मायर्स. यातला पिल्किंग्टन त्याच जुलैमध्ये व्हाइट सॉक्सकडून ट्रेडमध्ये आलेला, तरी त्यालाही घ्यावं लागलं, कारण ट्रेडमध्ये आलेल्या पोराचं घड्याळ नव्याने सुरू होत नाही, हेही लिहून ठेवा.

एवढ्यांना जागा करायची म्हणजे कोणालातरी जावं लागतं. हॅरल्ड रामिरेझ त्या वर्षी आउटफिल्डमध्ये नियमित खेळलेला माणूस, त्याला डीएफए केलं आणि तो कब्सकडे गेला. डीएफए म्हणजे चाळीसातून नाव काढलं, आता सात दिवसांत त्याला ट्रेड करा, वेव्हर्सवर टाका (म्हणजे बाकीच्या टीम्सना त्याला घ्यायची संधी द्या) नाहीतर सोडून द्या.

५. आता खरा प्रश्न विचारा

नवीन माणूस प्रॉस्पेक्टची यादी उघडतो आणि वरून दहा नावं प्रोटेक्ट होतील असं धरतो. तसं धरू नका. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहा: याला दुसऱ्या टीमने उचललं, तर पुढच्या पूर्ण सीझनभर त्यांच्या २६ मध्ये हा टिकेल का?

कारण रूल फाइव्हची अटच ती आहे. उचलणारी टीम १,००,००० डॉलर भरते, आणि पोराला वर्षभर २६ मध्ये ठेवावं लागतं, मायनरला पाठवता येत नाही. ठेवता आलं नाही तर आधी वेव्हर्स, तिथे कोणी घेतलं नाही तर जुन्या टीमला ५०,००० डॉलरला परत देऊ करायचं. शिवाय उचलणाऱ्या टीमच्या स्वतःच्या चाळीसात जागा रिकामी असली पाहिजे, नाहीतर निवडताच येत नाही.

म्हणून हाय-ए मध्ये अडखळणारा पण प्रचंड ताकदीचा एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा कागदावर हिरा असला तरी बऱ्याचदा सुरक्षित असतो, आणि डबल-ए मध्ये नीट रिलीफ बोलिंग करणारा (सुरुवातीच्या पिचरनंतर येऊन टाकणारा), यादीत कुठेच नसलेला चोवीस वर्षांचा पिचर धोक्यात असतो. रिलीव्हरला लपवता येतं, सहा-शून्य मागे असताना आठवी इनिंग टाकायला दिली की झालं. रोज खेळणाऱ्या शॉर्टस्टॉपला लपवता येत नाही.

डेव्हिसन डे लोस सँटोसचं बघा. ॲरिझोनाने त्याला उघडा ठेवला, २०२३ च्या डिसेंबरमध्ये क्लीव्हलँडनेच उचलला, आणि मार्चमध्ये स्प्रिंग ट्रेनिंग संपायच्या आत परत करावा लागला कारण २६ मध्ये त्याला जागा मिळेना. त्याच वर्षी परत मायनरमध्ये जाऊन त्याने ४० होमर मारले! म्हणजे पोरगा चांगलाच होता, ॲरिझोनाचा हिशोबही बरोबर होता, आणि क्लीव्हलँडला हात चोळत बसावं लागलं.

आता उलट बाजू, जी क्लीव्हलँडच्या फॅन्सना अजून बोचते. ॲन्थनी सँटँडेर २०१६ ला लिंचबर्गला खेळत होता, तेव्हा ती क्लीव्हलँडची हाय-ए टीम होती. २० होमर मारले, मग खांद्याचं ऑपरेशन. हाय-ए चा पोरगा, वर खांदा दुखावलेला, कोण उचलणार? बॉल्टिमोर ओरिओल्सने उचलला. आणि इथे तो खड्डा आहे जो बहुतेकांना माहीतच नसतो: दुखापतीच्या यादीत असलेला खेळाडू २६ मधली जागा खात नाही. २०१७ चा बराच भाग सँटँडेर दुखापत यादीतच राहिला. नियमाने निदान ९० दिवस प्रत्यक्ष २६ मध्ये भरावे लागतात, ते ओरिओल्सनी उरलेले २०१८ मध्ये भरून घेतले आणि पोरगा कायमचा त्यांचा झाला. २०२४ मध्ये त्याने ४४ होमर मारले, मग टोरांटोने पाच वर्षांसाठी ९ कोटी २५ लाख डॉलरचा करार दिला. माझं ठाम मत आहे की दुखापतीतून बरा होणारा पोरगा हा सगळ्यात जास्त धोक्याचा असतो, आणि त्याच्या नावापुढे लाल खूण करायचीच. यँकीजचा गॅरेट व्हिटलॉक आठवा: २०१९ ला कोपराचं ऑपरेशन, २०२० ला लीगच नाही, त्यामुळे त्याला ताजं कोणी बघितलेलंच नव्हतं, आणि बोस्टनने नेला. २०२१ ला त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन, कमी तेवढं चांगलं) १.९६.

दुसरी लाल खूण: या वर्षी तळाला कोण आहे ते बघा. निवडीचा क्रम उलटा लागतो, हरलेली टीम आधी. आणि हरणाऱ्या टीमला पोरगा वर्षभर सांभाळणं परवडतं. २०२४ ला १२१ मॅचेस हरलेल्या व्हाइट सॉक्सनी पहिल्याच निवडीत मिलवॉकीचा शेन स्मिथ घेतला, जो कॉलेजनंतर ड्राफ्टसुद्धा झालेला नव्हता, आणि पुढच्याच उन्हाळ्यात तो ऑल-स्टारमध्ये!

६. शेवटच्या आठवड्यात ट्रेडकडे डोळे लावून बसा

ज्या टीमकडे पात्र पोरं जास्त आणि जागा कमी, ती कोणालातरी आधीच विकते. बदल्यात काय मागते? अजून पात्र न झालेला, आणखी काही वर्षं चाळीसात घ्यावा न लागणारा लहान पोरगा.

टोबायस मायर्स, ज्याचं नाव वरच्या अकरांत आहे, तो त्याच दिवशी टॅम्पा बे कडून आला. टॅम्पाला त्याला जागा द्यायची नव्हती. त्यांनी बदल्यात मागितला डॉमिनिकन समर लीगमध्ये खेळणारा क्लीव्हलँडचा अठरा वर्षांचा पोरगा, हुनिओर कामिनेरो. कामिनेरोने २०२५ मध्ये टॅम्पासाठी ४५ होमर मारले. मायर्स क्लीव्हलँडसाठी मेजरमध्ये एकही बॉल न टाकता वर्षभरात गेला (पुढे मिलवॉकीत त्याचं चांगलं बस्तान बसलं, ते वेगळं). मला अजूनही वाटतं की त्या दिवशी मायर्स मिळवण्यापेक्षा एक जागा रिकामी ठेवली असती तर बरं झालं असतं, पण अठरा वर्षांच्या पोराचं पुढे काय होणार हे तेव्हा ठामपणे कोण सांगणार होतं.

पुढच्या वर्षी, १५ नोव्हेंबर २०२२ ला, परत डेडलाइनच्याच दिवशी नोलन जोन्स कोलोरॅडोला आणि हुआन ब्रिटो इकडे. जोन्सने तिकडे २०२३ ला २० होमर मारले. आणि मार्च २०२५ मध्ये तोच जोन्स परत क्लीव्हलँडला आला, कोणाच्या बदल्यात? टायलर फ्रीमनच्या! म्हणून डेडलाइनच्या आदल्या दोन-तीन दिवसांत छोटे, कंटाळवाणे वाटणारे ट्रेड दिसले तर स्क्रोल करून पुढे जाऊ नका, बदल्यात आलेल्या अनोळखी पोराचं पान उघडून वय आणि साइन झालेलं वर्ष बघा. अर्धी गोष्ट तिथेच कळते.

७. ड्राफ्टच्या दिवशी घाबरू नका

डिसेंबरमध्ये ड्राफ्ट झाल्यावर भली मोठी यादी येते आणि आपल्या टीमचे चार-पाच लोक गेलेले दिसतात. त्यातले बहुतेक ट्रिपल-ए फेजमधले असतात. ती फेज वेगळी, २४,००० डॉलरची, परत करायची अट नाही, आणि तिथे जाणारे सहसा संघटनेच्या खालच्या थरातले. आधी मेजर लीग फेजची नावं वेगळी काढा, ती एकूण दहा-पंधराच्या आसपास असतात आणि त्यातलेही बरेच मार्च-एप्रिलमध्ये परत येतात.

एक गोष्ट येत्या काळासाठी: मालक आणि खेळाडूंचा सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतोय. २०२१ मध्ये करार संपला आणि २ डिसेंबरपासून १० मार्चपर्यंत लॉकआउट झाला, तेव्हा मेजर लीग फेज आधी पुढे ढकलली आणि शेवटी झालीच नाही. म्हणजे ज्या अकरांना वाचवायला क्लीव्हलँडने एवढी धावपळ केली त्यांना उचलायला त्या वर्षी कोणी आलंच नाही. उलट चाळीसात असल्यामुळे त्या अकरांना लॉकआउटभर टीमच्या जिममध्ये जाता येईना, कोचशी बोलता येईना, आणि चाळीसाबाहेरची पोरं मात्र आरामात सराव करत होती. नोव्हेंबर २०२६ ची यादी वाचताना हे डोक्यात ठेवा.

८. आत घेतल्यावर ऑप्शन मोजायला लागा

प्रोटेक्ट केलं की दुसरं घड्याळ सुरू होतं. चाळीसातल्या पोराला मायनरला पाठवलं की त्या वर्षाचा एक ऑप्शन खर्च होतो (वर्षभरात एकूण २० दिवसांपेक्षा कमी पाठवला तर होत नाही), आणि असे तीन मिळतात. ते संपले की मायनरला पाठवायच्या आधी वेव्हर्सवर टाकावं लागतं, म्हणजे दुसऱ्या एकोणतीस टीम्सना संधी. म्हणून फार लवकर आत घेतलेल्या पोराची चौथ्या वर्षी पंचाईत होते, अजून तयार नाही आणि खाली पाठवताही येत नाही.

शीटमध्ये शेवटचा कॉलम ऑप्शनचा करा आणि दर मार्चला भरा. त्या अकरांचंच भरून बघा. क्वान एप्रिल २०२२ ला थेट मेजरमध्ये आला, पहिले ११६ बॉल बघेपर्यंत त्याची एकही स्विंग हवेत गेली नाही, ऑप्शनचा प्रश्नच आला नाही. रोक्योला मे २०२५ मध्ये कोलंबसला पाठवता आलं कारण एक ऑप्शन शिल्लक होता, आणि जुलैत तो परत आला. पलासिओस २०२३ च्या जूनमध्ये कार्डिनल्सना विकला, मॉरिस त्याच डिसेंबरमध्ये यँकीजकडे, टेना जुलै २०२४ ला लेन थॉमसच्या ट्रेडमध्ये वॉशिंग्टनला. आणि व्हलेरा, जो एके काळी या सगळ्यांत मोठं नाव होता, त्याला दुखापतींनी पार खाल्लं, २०२४ च्या शेवटी चाळीसातून काढलं, त्याने मायनरचा करार घेऊन परत क्लीव्हलँडमध्येच राहायचं ठरवलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये शेवटी मेजरमध्ये पहिली मॅच खेळला. त्याच्यासाठी चाळीसात जागा परत करावी लागली, तेव्हा शीट अपडेट करायला विसरू नका.